कॅमेऱ्याचे कार्ड संगणक वाचत नाही. छायाचित्रांसोबत त्यांचे क्रमांकही वाचवायचे आहेत

वीरगळवाट

नमस्कार. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील गावोगावचे वीरगळ आणि सतीशिळा यांची नोंद करण्याचे काम आम्ही काही मंडळी हौसेने करतो. मागच्या फेरीतील सर्व छायाचित्रे ६४ जीबीच्या एका एसडी कार्डावर आहेत. शेवटच्या गावात चित्रे काढत असतानाच बॅटरी संपून कॅमेरा बंद पडला. त्यानंतर कार्ड शाळेच्या कार्यालयातील जुन्या, विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या संगणकाला लावले, तर 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का' असा प्रश्न आला. आम्ही 'नाही' म्हटले. माझ्या लॅपटॉपच्या खाचेत कार्ड घातले, तर तिथे काहीच होत नाही, ड्राइव्हचे अक्षरसुद्धा दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र चित्रे दिसतात.

अडचण एवढीच नाही. गाव, शिळेची जागा, मोजमापे हे सारे वहीत लिहिलेले आहे, आणि प्रत्येक नोंदीसमोर कॅमेऱ्याने दिलेला चित्राचा क्रमांक आहे. क्रमांक गेले तर कोणती शिळा कोणत्या गावची हे सांगणे अवघड होईल. कोणता उपाय आधी करावा आणि कोणता टाळावा, याचा सल्ला हवा आहे.

जुनी_रीळ

'नाही' म्हटलेत हे फार बरे केलेत. सर्वप्रथम कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी खाली ओढून ठेवा आणि या कार्डावर नवे चित्र काढू नका. त्या पट्टीचा कार्डातील चिपशी काही संबंध नसतो. पट्टी कुठे आहे ते रीडर पाहतो आणि लिहायचे की नाही ते ठरवतो. त्यामुळे ते संरक्षण पक्के नाही, पण चुकून काही लिहिले जाण्यापासून बहुतेक वेळा वाचवते.

मला वाटते, तुमच्या दोन संगणकांवरील दोन लक्षणांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि त्यांची सरमिसळ केल्यास कार्ड खराब झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. २ जीबीहून मोठी, ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी या प्रकारात मोडतात आणि त्यांवर फॅट३२ ही रचना, म्हणजे फायली मांडून ठेवण्याची पद्धत, असते. त्यापुढची, २ टीबीपर्यंतची, एसडीएक्ससी असून कॅमेरा त्यांवर एक्सफॅट ही रचना घालतो. एक्सपीला एक्सफॅट मुळात कळत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने वेगळे अद्ययावतन काढले होते आणि ते बहुतेक जुन्या यंत्रांवर घातलेले नसते. ओळखीची रचना सापडली नाही की ती प्रणाली कार्ड कोरे समजते आणि फॉरमॅट करायला सांगते. म्हणजे तिथे आलेल्या संदेशावरून कार्डाच्या प्रकृतीविषयी काहीच सिद्ध होत नाही.

लॅपटॉपवर अक्षरसुद्धा येत नाही, याचा अर्थ खाचेतील रीडर, त्याचा ड्रायव्हर किंवा कार्डाच्या पाठीवरील सोनेरी पट्ट्या यांपैकी कुठेतरी जोड जुळत नाही. त्या पट्ट्या कोरड्या, स्वच्छ सुती कापडाने हलक्या हाताने पुसून घ्या. खोडरबर घासण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण त्याने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा कॅमेऱ्याच्या खाचेत जातो, म्हणून मी तो देणार नाही. त्यानंतर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट (जोडलेल्या सर्व डिस्कची यादी) उघडून पाहा. कार्ड तिथे योग्य क्षमतेसह दिसत असेल आणि केवळ अक्षर नसेल, तर अक्षर देऊन काम होते. क्षमता ६४ ऐवजी ५९.६ दिसली तर घाबरू नका. कार्ड बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

सर्किटमास्तर

चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवा. माझ्याकडे असे झाले होते तेव्हा पाच मिनिटांत सगळे सुरळीत झाले.

जुनी_रीळ

सर्किटमास्तर, आपला अनुभव खरा असेल, पण इथे तो उपाय आत्ताच नको. चेकडिस्क दुरुस्ती करते ती त्याच कार्डावर लिहून करते. ज्या फायलींचा धागा तिला लागत नाही, त्यांचे तुकडे ती नवी नावे देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते, आणि वीरगळवाट यांना नेमकी मूळ नावेच हवी आहेत. शिवाय विंडोजला रचना अजिबात ओळखता आली नाही, तर 'रॉ' ड्राइव्हवर चेकडिस्क चालतच नाही. चित्रांची प्रत हाती आल्यावर वाटल्यास तो प्रयोग करता येईल.

घाटपायरी

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्रे दिसत असतील तर कार्ड बाहेर काढण्याचा खटाटोप कशासाठी? कॅमेराच तारेने लॅपटॉपला जोडावा. अशा जोडणीत कार्डाची रचना संगणक वाचत नाही, ती कॅमेरा वाचतो आणि एकेक फाइल संगणकाच्या हाती देतो. त्यामुळे खाच बिघडलेली असली किंवा रचना अनोळखी असली तरी काम होते. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. कॅमेरा आपोआप बंद होण्याची सोय तात्पुरती काढून ठेवावी. आणि तिसरी गोष्ट तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: चित्रे 'आयात' करून देणारा प्रोग्रॅम वापरू नये. असे कित्येक प्रोग्रॅम फायलींना तारखेची किंवा स्वतःची नवी नावे देतात. फाइल एक्सप्लोररमध्ये कॅमेरा उघडून, त्यातील डीसीआयएम या, कॅमेरा चित्रे ठेवतो त्या फोल्डरमधले उपफोल्डर जसेच्या तसे उचलून आणावेत. कॅमेऱ्यांत एका फोल्डरमधील क्रमांक ९९९९ पर्यंत गेले की मोजणी पुन्हा सुरू होते, म्हणून वहीतील एकच क्रमांक दोन फोल्डरांत सापडू शकतो.

वीरगळवाट

आपणा सर्वांचे आभार. पट्ट्या पुसूनही लॅपटॉपच्या खाचेत फरक पडला नाही, पण तारेने जोडल्यावर जवळजवळ सर्व चित्रे मूळ क्रमांकांसह उतरली. शेवटच्या गावातील मोजकी चित्रे मात्र विचित्र आहेत. कॅमेऱ्यावर ती पूर्ण दिसतात, संगणकावर उघडली की एका बाजूचा उभा पट्टा राखाडी येतो. एका वीरगळाच्या तिन्ही चौकटी, म्हणजे खालची लढाई, मधल्या अप्सरा आणि वरची शिवलिंगपूजा, अर्ध्याच दिसत आहेत. काही क्रमांक तर मुळीच उतरले नाहीत, तिथे प्रत घेताना त्रुटीचा संदेश येतो. फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमबद्दल बरेच ऐकले आहे. तो वापरावा का?

जुनी_रीळ

आता वापरावा, आधी वापरला असता तर पस्तावला असता. फोटोरेक फायलींची यादी पाहतच नाही. तो कार्डावरील माहिती सलग वाचत जातो आणि जेपेग फाइल ज्या ठरावीक खुणेने सुरू होते ती खूण शोधून तिथून पुढचा भाग उचलतो. रचना पार कोलमडली असली तरी तो चालतो हे त्याचे बळ, आणि फायलींची नावे त्याला मिळत नाहीत ही त्याची मर्यादा. सगळ्या चित्रांना तो स्वतःचे क्रमांक देतो. मूळ क्रमांकांची चित्रे तुमच्या हाती आली आहेत, त्यामुळे उरलेल्या थोड्यांपुरताच हा प्रश्न शिल्लक राहतो.

यूएसबीला लागणारा, एसडीएक्ससी चालतो असे स्पष्ट लिहिलेला बाहेरचा रीडर घ्या. आधी संपूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि फोटोरेक त्या प्रतिमेवर चालवा, कार्डावर नव्हे. लिनक्स येत असेल तर अशी प्रतिमा उतरवणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम उत्तम आहे, कारण वाचता न येणारा भाग तो आधी सोडून पुढे जातो आणि शेवटी पुन्हा त्याच्याकडे वळतो. प्रतिमेसाठी डिस्कवर साठ जीबीहून थोडी अधिक मोकळी जागा ठेवा. सापडलेली चित्रेही संगणकावरच साठवा, कार्डावर नकोत.

ती चित्रे वहीशी जुळवण्यासाठी चित्राच्या फाइलमधील नोंदी वाचणारा एक्झिफटूल हा प्रोग्रॅम वापरा. चित्र टिपल्याची तारीख आणि वेळ फाइलच्या आतच लिहिलेली असते, आणि काही कॅमेरे मूळ क्रमांकही आत नोंदवतात. क्रमांक नसला तरी वेळेनुसार क्रम लावला की ज्ञात क्रमांकांच्या मधल्या जागा भरता येतात.

राखाडी पट्ट्याचे कारण बॅटरी असावी. चित्राचा उरलेला भाग लिहिण्याआधीच कॅमेरा बंद झाला. पडद्यावर पूर्ण दिसते ती फाइलच्या सुरुवातीला ठेवलेली छोटी प्रत. पट्टा खाली न येता बाजूला आला, कारण उभा धरलेला कॅमेराही चित्र आडवेच लिहितो आणि संगणक ते नंतर फिरवून दाखवतो. जो भाग कार्डापर्यंत पोहोचलाच नाही, तो कोणताही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही. मात्र एक्झिफटूलने ती छोटी प्रत वेगळी काढता येते. आकाराने ती लहान असते, पण शिळा ओळखण्यापुरती पुरते.

वीरगळवाट

नवा रीडर घेतला, त्यात कार्ड तत्काळ दिसले. फोटोरेकने न उतरलेल्यांपैकी बरीच चित्रे दिली आणि वेळेवरून ती वहीशी जुळलीही. अर्धवट चित्रांच्या छोट्या प्रती काढल्या आहेत. त्या शिळा पुन्हा टिपण्यासाठी त्या गावी परत जावे लागेल. हेच कार्ड तेव्हा वापरावे का?

घाटपायरी

प्रतिमेची फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवून झाली असेल, तर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यूने तपासावे. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ३ वापरावे. हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून सगळे परत वाचतात. त्यात एकही त्रुटी निघाली, किंवा प्रतिमा उतरवताना न वाचता आलेले भाग सापडले असतील, तर हे कार्ड कामासाठी वापरू नका. नव्या कार्डाचीही हीच चाचणी घ्यावी, कारण लहान क्षमतेच्या कार्डावर मोठा आकडा छापून विकण्याचे प्रकार सर्रास चालतात. आणि जोडीला भरलेली दुसरी बॅटरी न्यावी.