अल्ब्युमिन २.१, पायांवर सूज. बाबांना प्रोटीन पावडर द्यायची का?

काळाचौकीची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त, साखर १५ वर्षांपासून. महिनाभर पावलं सुजताहेत. रात्री मोजे काढले की रबराचा वळ तासभर जात नाही, नडगीवर बोटाने दाबलं तर खळगा पडतो. रिपोर्टात अल्ब्युमिन २.१, लघवीत प्रोटीन ३+. अल्ब्युमिन म्हणजे प्रोटीनच ना, मग मावसभाऊ (रोज जिमला जाणारा) पावडरचा मोठा डबा घेऊन आला आणि आईने रोज चार अंडी सुरू केली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र फोनवर "प्रोटीन मोजून खा" असं सांगितलं. रक्तात कमी आहे आणि खायचंही मोजून? किडनीच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे, तोवर डोक्याला भुंगा लागलाय.

दादरचा_पैलवान
पांढरा बलक द्या बिनधास्त. सासऱ्यांना ऑपरेशननंतर फरक पडला होता.

स्पिरिटचा_दिवा
पैलवान, सासऱ्यांची गोष्ट वेगळी. जखम भरायला प्रोटीन लागतंच.

ताई, मी ३१ वर्षं परळच्या बाजूला पॅथॉलॉजीत काढली. लघवीत बुडवून प्रोटीन बघायच्या पट्ट्या हाताशी नसायच्या तेव्हा आम्ही लघवी तापवून बघायचो. परीक्षानळी पाऊण भरायची, चिमट्यात तिरपी धरायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर फक्त वरचा भाग तापवायचा. खालचा भाग पाण्यासारखा नितळ, वरचा दुधाळ. मग ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब. ढग विरला तर फॉस्फेट, टिकला तर अल्ब्युमिन. अंडं उकडल्यावर पांढरं होतं, तोच प्रकार. कधी कधी नळीत कवडीदार दह्यासारखा गठ्ठा धरायचा, तेव्हा कागदावर काही लिहायच्या आधीच पेशंटच्या सुजलेल्या डोळ्यांकडे नजर जायची.

बाबांच्या लघवीतून तेच अल्ब्युमिन चाललंय. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जातं. ते साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की रक्तातलं अल्ब्युमिन घसरतं आणि सूज दिसायला लागते. अल्ब्युमिन यकृत बनवतं, आणि ते रक्तातलं पाणी नसांमध्ये धरून ठेवतं. अंड्यातलं अल्ब्युमिन रक्तात तसंच्या तसं जात नाही, आतड्यात त्याचे अमिनो आम्लांपर्यंत तुकडे होतात. गच्चीवरची टाकी गळतेय आणि आपण टँकरवर टँकर मागवतोय, असं झालंय हे. शिवाय जास्तीच्या प्रोटीनने किडनीच्या गाळणीवरचा दाब वाढतो. किडनीच्या आजारात साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम सांगतात. बाबा ६० किलोचे असतील तर दिवसाला ४८ ग्रॅम, डाळ-दूध-मासे धरून. नेमका आकडा गुरुवारी विचारा. लोणचं-पापड मात्र आजपासूनच बंद, मिठाने सूज वाढते.

चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली तर सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. निम्मे लोक इथेच चुकतात. एक गृहस्थ डबा पिशवीत घालून साडेआठच्या लोकलने आले होते, गर्दीत झाकण निघालं. पुढचं सांगत नाही.

जाता जाता एक. एका नळीत ढग साठ अंशांच्या आसपास आला आणि उकळी फुटल्यावर विरून गेला. ते बेन्स जोन्स प्रोटीन, मायलोमा या कर्करोगात दिसणारं. १८४०च्या दशकात लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्सने ते ओळखलं होतं. पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन पकडते, हे तिच्या हातून निसटू शकतं. म्हणून पट्टीवर ३+ असतानाही डॉक्टरांनी वेगळी इलेक्ट्रोफोरेसिस (प्रोटीनचे प्रकार वेगवेगळे करून बघायची तपासणी) सांगितली, तर पैसे उकळताहेत असं लगेच म्हणू नका.

पेट्रीडिश
काकांनी गळती सांगितली, मी गाळणीबद्दल थोडं सांगते (पीएचडी प्रोटीनवरच चालू आहे). गाळणीच्या पेशींना पायासारखे फाटे असतात. दोन फाट्यांमधल्या फटीत नेफ्रिन नावाचं प्रोटीन जाळी धरून असतं. १९९८ साली ते सापडलं, फिनलंडमध्ये जन्मतःच अशी गळती असलेल्या बाळांच्या जनुकांवरून. एक प्रोटीन बिघडलं की दुसरं लघवीतून वाहून जातं. मग २००९ मध्ये कळलं की मेम्ब्रेनस नावाच्या किडनीच्या आजारात बहुतेकांचं शरीर त्याच पेशींवरच्या पीएलए२आर या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. आता ती अँटिबॉडी साध्या रक्त तपासणीत दिसते आणि काहींची बायोप्सी टळते.

१५ वर्षांची साखर म्हणजे पहिला संशय साखरेवरच. पण सूज महिन्याभरातलीच आहे, म्हणून दोन गोष्टी गुरुवारी नक्की सांगा: डोळ्यांचा पडदा तपासलाय का (साखरेने किडनी बिघडते तेव्हा बहुधा पडद्यावरही खुणा असतात), आणि बाबा दुखण्याच्या गोळ्या घेतात का. काही पेनकिलरनेही अशी गळती होते.

काळाचौकीची_लेक
काका, ताई, खूप आभार. गोळ्यांचं वाचून बाबांच्या शर्टाचे खिसे तपासले. गुडघ्यासाठी गणपतीपासून रोज दोन, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून, आम्हाला पत्ताच नाही! रिकाम्या पाकिटाचा फोटो काढून ठेवलाय. डबा मावसभावाला परत केला, तो रुसलाय. अंड्यांचे दोन ट्रे आणलेले होते, त्यामुळे आज आमच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडांत अंडाकरी शिजतेय आणि बाबा दारात बसून वास घेताहेत.