'द कलर ऑफ मनी': व्हिन्सेंटनं मॅच सोडली, ती टेबलावर दिसते का?

राजारामपुरी_नाइनबॉल: 'द कलर ऑफ मनी' हा पूलवरचा (टेबलावर क्यूनं खेळायच्या बॉलच्या खेळावरचा) पिक्चर दोनदा बघून झाला. अटलांटिक सिटीत जुना खेळाडू एडी जिंकतो आणि नंतर त्याचाच तरुण चेला व्हिन्सेंट ८,००० डॉलरचं पाकीट देऊन सांगतो की मॅच मुद्दाम सोडली होती. एडीसारख्या मुरलेल्या गड्याला खेळताना कळत कसं नाही? पूलच्या या ९-बॉल प्रकारात मॅच सोडतात तरी कशी? टेबलावर मांडून बघता येईल का?

चॉक_टिप: पॉट (बॉल पॉकेटात घालणं) चुकवून कुणी मॅच सोडत नाही, ते शेंबड्या पोरालाही दिसतं. सोडायची ती पोझिशन, म्हणजे पुढच्या शॉटसाठी व्हाइट (क्यूनं मारायचा पांढरा बॉल) थांबायची जागा. ९-बॉलमध्ये टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला आधी लागावं लागतं, म्हणजे पुढचा बॉल कुठला ते ठरलेलं. ७ स्वच्छ पॉट करायचा, पण व्हाइट वीतभर जास्त पळू द्यायची. मग ८ साठी पातळ कट उरतो, म्हणजे ८ ला नुसतं कडेनं घासून पाडावं लागतं. तो चुकला तर बघणारा म्हणतो, 'अवघड होता.' दुसरी वाट सेफ्टीची, म्हणजे समोरच्याला शॉट न ठेवण्याची: व्हाइट दुसऱ्या बॉलमागं लपवायची, पण दोन बोटं उघडी ठेवायची. संशय घ्यायचाच तर पॉटवर नको, व्हाइटच्या वेगावर घ्या.

खासबाग_कॉर्नर: आणि ते पिक्चरमध्ये शोधू नका. दिग्दर्शक स्कॉर्सेसीचा कॅमेरा बॉलला चिकटून घिरट्या घालतो, कट फटाफट पडतात, व्हाइट कुठं थांबली हे क्वचितच दिसतं. एडीला कळलं नाही, कारण त्याला जिंकायचं होतं. २५ वर्षांनी परत क्यू धरलेला माणूस तो! चष्माही नवाच. शिवाय चॉकीज नावाच्या पूल हॉलमध्ये व्हिन्सेंट क्यू गरागरा फिरवत जिंकतो आणि खरा पैसेवाला बिथरून निघून जातो. हरायला न शिकणारा म्हणूनच एडी त्याला ओळखतो.

राजारामपुरी_नाइनबॉल: म्हणजे नुरा कुस्तीच की.

खासबाग_कॉर्नर: नव्हं भावा. नुरा कुस्तीत दोघांना ठाऊक असतं. इथं पठ्ठ्यानं वस्तादाला न सांगता पाठ टेकली.

चॉक_टिप: आता मांडणी. ८ नंबर कोपऱ्याच्या पॉकेटपासून दीड वीत. व्हाइट त्याच्यापासून फूटभर, अर्ध्या बॉलच्या कटवर, म्हणजे व्हाइटच्या मध्याचा नेम ८ च्या कडेवर. मध्याच्या किंचित खाली, ठाम स्टन मारा (व्हाइट न घरंगळता, सरकत जाऊन लागते): व्हाइट मूळ रेषेपासून साधारण ६० अंशांनी सुटते. तीच हळू, घरंगळत नेली तर जेमतेम ३०-३५ अंश. ८ दोन्ही वेळा पॉकेटातच. आता स्टननं व्हाइट जिथं थांबेल तिथून सोपा पडेल असा ९ ठेवा आणि व्हाइट घरंगळत मारा. झाली मॅच सोडून.

हे पूल टेबलावरच करा. स्नूकरचे बॉल ५२.५ मिमी, पूलचे ५७.१५, शिवाय स्नूकरच्या पॉकेटचे ओठ गोल, बॉल थुंकतात. बॉल आधी पुसून घ्या, मळके असले की एकमेकांना ओढतात आणि ८ जाड जातो. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं कापड दमट असतं, व्हाइट आखूड थांबते. त्या दिवसांत कुणी पोझिशनला कमी पडला तर लगेच बोट दाखवू नका.

खासबाग_कॉर्नर: जाता जाता: पिक्चरमधला तो 'बालाबुश्का' (नामांकित कारागिराचा म्हणून दाखवलेला क्यू) मुळात जॉस कंपनीचा क्यू आहे. आणि दोन बॉलवरून मारलेला जंप शॉट (व्हाइट उडवून) व्हिन्सेंट झालेल्या टॉम क्रूझचा नाही, पूलपटू माइक सिगेलचा. बाकीचे बहुतेक शॉट पोरानं स्वतः मारलेत.