मदत हवी आहे: प्रबंधातल्या प्रकरणाचा लेख करताना ‘असावे’चं काय करायचं?

मधमाश्यांच्या नाचावरचं (खाद्य कुठे आहे हे माशी नाचून इतर माश्यांना सांगते, तो नाच) माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण सामान्य वाचकांसाठी लेख म्हणून लिहितेय. मर्यादा १२०० शब्दांची. तळटीपा आणि संदर्भसूची चालणार नाहीत.

‘निरीक्षण करण्यात आले’ छाप वाक्यं काढली, निष्कर्ष उचलून सुरुवातीला आणला, कंसातली नावं-सालं गाळली. व्याख्येऐवजी उदाहरण दिलं: उभ्या पोळ्यावर माशी सरळ वर धावली तर खाद्य सूर्याच्या दिशेला, उजवीकडे ४० अंश कलली तर सूर्याच्या उजवीकडे तेवढ्याच कोनात. विषय अजिबात माहीत नसलेल्या मैत्रिणीला हे एका वाचनात कळलं, फार बरं वाटलं.

घोडं अडलंय ते पुढे. प्रबंधात वाक्य होतं, ‘नाचातील माहितीचा वापर इतर माश्या कितपत करतात हे परिस्थितीनुसार बदलत असावे.’ लेखात त्याचं ‘माश्या नाच बघून फुलांकडे जातात’ केलं. वाक्य सुटसुटीत झालं, पण अर्धसत्य. शिवाय पेटीत अंधार असतो, म्हणजे ‘बघून’ही चूकच! प्रत्येक ठिकाणी ‘असावे’, ‘शक्यता आहे’ ठेवलं तर परिच्छेद पुन्हा प्रबंधासारखा जड होतो.

श्रेयाचंही तसंच. या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांचं नाव १९७३च्या नोबेलसह सहज येतं, पण पुढच्या चार-पाच संशोधकांची नावं घातली की वाचक अडखळतो. मार्गदर्शकही लेख वाचणार आहेत, त्यामुळे ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असं मोघम लिहायचं नाहीये.

भाषा सोपी कशी करायची हे नको, ते जमतंय. दोन्ही प्रकारचं लेखन करणाऱ्यांनी सांगा: अनिश्चितता एकदाच, नेमकी कुठे सांगता? आणि तळटीप नसताना कोणाचं नाव ठेवायचं, कोणाचं गाळायचं, हे कसं ठरवता?