'संपादक'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे: एदितोर, दिरेक्तोर की रेदाक्तोर?

प्रश्न
मराठी त्रैमासिकाच्या स्पॅनिश पुरवणीची श्रेयनामावली करायची आहे. पदे अशी: संपादक, कार्यकारी संपादक, मुद्रितशोधन, मांडणी, प्रकाशक. 'संपादक'साठी 'एदितोर' चालेल का? वाचक स्पेनमधले आहेत.

प्रतिसाद १
स्पेनसाठी 'एदितोर' नको. तिथे या शब्दाचा रुळलेला अर्थ प्रकाशक, म्हणजे पुस्तक निवडून, पैसा घालून ते बाजारात आणणारा. 'एदितार' या क्रियापदाचाही मूळ अर्थ प्रकाशित करणे हाच. नियतकालिकातल्या मजकुराची जबाबदारी ज्याच्यावर असते तो 'दिरेक्तोर'. माद्रिदच्या 'एल पाईस' दैनिकातही संपादकाचे पद याच नावाचे आहे. तेव्हा प्रकाशकासमोर 'एदितोर' आणि संपादकासमोर 'दिरेक्तोर' लिहा. उलटसुलट झाले तर वाचणाऱ्याला संपादकच मासिकाचे मालक वाटतील.

कार्यकारी संपादक म्हणजे 'रेदाक्तोर हेफे'. बाई असतील तर 'रेदाक्तोरा हेफा'. मात्र नुसता 'रेदाक्तोर' म्हणजे संपादक नव्हे, तो मजकूर लिहिणारा. जाहिरातीचा मजकूर लिहितो तो 'रेदाक्तोर पुब्लिथितारियो'. 'रेदाक्थियोन' म्हणजे वृत्तपत्राचा संपादकीय विभाग, आणि शाळेतला निबंधही.

प्रतिसाद २
लॅटिन अमेरिकेत चित्र थोडे वेगळे आहे. तिथल्या दैनिकांत क्रीडा किंवा अर्थ विभागाच्या प्रमुखालाही 'एदितोर' म्हणतात. स्पेनमध्ये तो 'हेफे दे सेक्थियोन'. जुन्या ग्रंथाची पाठचिकित्सा करणाऱ्याचे नाव शीर्षकपृष्ठावर 'एदिथियोन दे' अमुक असे येते. अनेकांचे लेख एकत्र केले असतील तर 'कोओर्दिनादोर' लिहिणे सुरक्षित.

प्रतिसाद ३
खरी गफलत होते ती 'मुद्रितशोधन'मध्ये, कारण स्पॅनिशमध्ये ती दोन कामे आहेत. 'कोर्रेक्थियोन दे एस्तीलो' मांडणीआधी, मूळ संहितेवर होते: वाक्यरचना, पुनरुक्ती, शब्दांची निवड, संदर्भांतली विसंगती. 'एस्तीलो' शब्दावरून लेखकाची शैली बदलायची असे समजू नका. 'कोर्रेक्थियोन ओर्तोतिपोग्राफिका' मात्र शुद्धलेखनाबरोबर छपाईचे संकेत तपासते: तिरपा टाइप, कोनी अवतरणचिन्हे, पानाच्या टोकाला सुटलेली एकटी ओळ.

संवादातली लांब आडवी रेघ, 'राया', हे या दुसऱ्या तपासणीचे नमुनेदार ठिकाण. 'माहीत नाही,' आना म्हणाली. 'उद्या बघू.' हे वाक्य असे छापतात:
—नो से —दिहो आना—. माञाना वेरेमोस.
पहिली राया शब्दाला चिकटून, दुसरीच्या आधी मोकळी जागा, आणि पूर्णविराम तिसऱ्या रायाच्या नंतर. पूर्णविराम 'आना'ला चिकटून रायाच्या आत गेला तर चूक. मराठी किंवा इंग्रजी संवादांच्या सवयीने तपासणाऱ्याच्या हातून तो हमखास आत जातो.

कामाचा दर मागताना स्पेनमध्ये हिशेब 'मात्रीथेस'वर होतो: मोकळ्या जागा धरून प्रत्येक वर्ण एक, आणि दर हजारी. पानावर दर ठरवला की टाइपाचा आकार बदलताच भांडण होते, म्हणून पान हे एकक टाळाच.

प्रतिसाद १
मांडणीसाठी स्पेनमध्ये 'माकेताथियोन'. कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना इथे 'दियाग्रामासियोन', तर मेक्सिकोत 'फोर्मासियोन' असे छापलेले दिसेल. (महासागरापलीकडे 'थियोन'चा 'सियोन' होतो, लेखन तेच राहते.)

श्रेयनामावलीत व्यक्तीऐवजी कामाचे नाव लिहिण्याची आपली पद्धत, 'मुद्रितशोधन : अमुक', इथे छान जुळते. 'कोर्रेक्तोर' की 'कोर्रेक्तोरा' हा प्रश्नच राहत नाही. शिवाय नुसता 'कोर्रेक्तोर' म्हणजे संगणकावरचा शुद्धलेखन तपासनीसही, म्हणून 'कोर्रेक्थियोन' बरे.

प्रश्नकर्ता
अग्रलेखाच्या डोक्यावर 'एदितोरियाल' लिहिले आहे. ते तरी बरोबर ना?

प्रतिसाद २
बरोबर. लिंग तेवढे सांभाळा: 'एल एदितोरियाल' म्हणजे अग्रलेख, 'ला एदितोरियाल' म्हणजे प्रकाशनसंस्था. मथळ्यात उपपद नसते म्हणून तिथे चुकणार नाही, पण मनोगतात 'आमच्या अग्रलेखात' लिहिताना 'नुएस्त्रो एदितोरियाल' असेच हवे, 'नुएस्त्रा' नको.