दुचाकीसमोर हरीण आडवे आले तेव्हा : आपले अनुभव

पुण्याहून ताम्हिणी, भीमाशंकर किंवा सुप्याकडे दुचाकीने वारंवार जाणाऱ्यांपैकी अनेकांना भेकर, सांबर किंवा चिंकारा वाटेत आडवा आला असेल. त्या क्षणी आपण काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

नोव्हेंबरातील पहाटे मुळशीहून ताम्हिणीकडे जाताना वळणापलीकडे सांबराची मादी रस्ता ओलांडून गेली. ती गेली म्हणून मी निर्धास्तपणे वेग वाढवला आणि तिच्यामागून येणारे पाडस थेट चाकासमोर आले. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक लावल्यामुळे गाडी घसरली नाही, इतकेच. तेव्हापासून एक जनावर दिसले की मी पूर्ण थांबतो आणि दुसऱ्याची वाट पाहतो.

राजगुरुनगर–वाडा रस्ता
चाकणच्या कारखान्यातील दुसरी पाळी संपवून मी रोज मध्यरात्री घरी परततो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत सव्वा सेकंद गेला तरी वीसेक मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच लागतात. डिपरवर (जवळ पडणाऱ्या खालच्या झोतात) मला स्पष्ट दिसते ते जेमतेम ३५ मीटर, हे मी एका रात्री टेप लावून मोजले. त्यामुळे झाडीच्या पट्ट्यात मी ४० च्या वर जात नाही आणि समोरून वाहन नसेल तर अप्पर (लांब पडणारा झोत) लावतो.

सुपे
मी शिक्षिका आहे. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे असल्याने चिंकारे आजूबाजूच्या माळांवर आणि शेतांतही चरतात. तो खरे तर कुरंग (शिंगे न गळणारा प्राणी), हरीण नव्हे; पण काळजी तीच घ्यावी लागते. प्रखर उजेडात तो दिपून जागीच उभा राहतो, म्हणून डोळे चमकताच मी वेग कमी करून दिवा खाली करते आणि हॉर्न वाजवते. सासरे सांगतात, चमकलेले डोळे मोजू नकोस, पाठमोरे उभे असलेले दिसत नाहीत.

पाबे घाट
भेकराला चुकवण्यासाठी मी डावीकडे वळलो आणि तेही बिचकून त्याच बाजूला मागे फिरले. त्याला चाकाचा निसटता धक्का बसला, मी कडेच्या खडीवर घसरलो आणि माझे हंसळीचे हाड मोडले. डोके शाबूत राहिले ते हेल्मेटमुळे. भेकर लंगडत झाडीत गेले होते. जखमी जनावराच्या मागे जाणे योग्य नसल्याने सोबत्याने वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले. दुसऱ्या दिवशी वनरक्षकांनी स्वतः फोन करून सांगितले, की ओढ्यापर्यंत खुरांचे ठसे मिळाले आणि रक्त कुठेही नव्हते.