टोकाआधी पिक्सेल मोजा

"10 ऐवजी 2 नॅनोमीटर त्रिज्येचं टोक घ्या, रिझोल्यूशन आपोआप सुधारेल" हे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपबद्दलचं (अतिशय बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपत त्याचं चित्र काढणारं यंत्र) म्हणणं मला अर्धंच पटतं. आधी पिक्सेलचा हिशोब करा. 10 मायक्रॉन बाजूचा चौकोन दर ओळीला 512 पिक्सेलमध्ये स्कॅन केला, तर एकेक पिक्सेल जवळपास 20 नॅनोमीटरचा होतो. तिथे महागडं टोक लावून हाती काय लागणार? उलट एवढा भाग घासत फिरताना ते लवकर बोथट होतं.

लहान स्कॅनमध्ये मात्र फरक खरंच दिसतो. सपाट पृष्ठभागावरच्या गोल वस्तूची दिसणारी रुंदी साधारणपणे वस्तू आणि टोक या दोन्हींच्या त्रिज्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या चौपट येते. म्हणजे 2 नॅनोमीटर जाडीचा (त्रिज्या 1) डीएनए 10 च्या टोकाने 12-13 नॅनोमीटर रुंद दिसतो, 2 च्या टोकाने साडेपाचच्या आसपास. सुट्या कणाच्या उंचीला ही अडचण नाही, म्हणून कणांचा आकार मी उंचीवरूनच काढतो. (डीएनएसारखी मऊ वस्तू दाबली जाऊन उंची थोडी कमी येते, ते वेगळं.)

आणि सगळ्याच कणांना एकाच बाजूला सारखीच शेपटी दिसत असेल, तर टोक तुटलंय किंवा त्याला काही चिकटलंय असा संशय घ्या. खात्रीसाठी नमुना हाताने 90 अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. चित्रात शेपटी होती त्याच दिशेला राहिली तर दोष टोकाचा. नुसता स्कॅन अँगल (टोक ओळी कोणत्या दिशेने काढतं तो कोन) बदलून हे कळत नाही, कारण त्यात टोक आणि नमुना एकमेकांच्या तुलनेत फिरतच नाहीत.