मदत हवी आहे: ईझिंग्टन कोलियरी बँडचे जुने फोटो

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या डरहॅममधल्या आमच्या शेजारच्या आजींकडे ईझिंग्टन कोळसा खाणीच्या ब्रास बँडचे तीन फोटो आहेत. युफोनियम (मोठं पितळी वाद्य) घेतलेले त्यांचे वडील, बाकी सगळे अनोळखी. एका फोटोत मागच्या युनियनच्या बॅनरवर काळं कापड लावलंय. वर्षभरात खाणीत कुणी दगावलं, तर जुलैतल्या माइनर्स गालाला, म्हणजे खाणकामगारांच्या वार्षिक मेळाव्याला, तसं लावून बॅनर मिरवत. २९ मे १९५१ च्या ईझिंग्टन खाणीतल्या स्फोटात बचावाला उतरलेल्या दोघांसह ८३ जण गेले, म्हणून मला फोटो त्याच वर्षीचा वाटतो. आजी तेव्हा जेमतेम सहा वर्षांच्या! पुढे कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) धरलेला पोरगा बाराएकचा असेल, टोपी पार कानांवर आलेली. तो कोण, हेच त्यांना हवंय. तिकडच्या खाणकामगारांच्या घरांशी कुणाची ओळख आहे का? आणि गणवेशावरून साल काढता येतं का?